सातासमुद्रापारचा शिक्का

एखादी बाई आपल्या मुलखात नाचली तर ती नाचणारी. तीच बाई पॅरिसला जाऊन नाचली की नृत्यांगना. परत आली की स्टेशनवर हार, पेपरात फोटो, आणि "आमच्याच भागातली हो ती!" म्हणून सांगणारे चार नातेवाईक. याच नातेवाइकांनी आधी तिच्या आईला नको नको ते ऐकवलेलं असतं. पाय तेच, घुंगरू तेच, ताल तोच. मध्ये फक्त एक समुद्र. हे गणित मला काही केल्या सुटत नाही.

विषय निघाला तो जपानवरून. परदेशात काम करणारा कुणी जपानी नर्तक, त्याचे कार्यक्रम, त्याला मिळालेली वाहवा, अशी काहीतरी चर्चा होती आणि नेहमीचं वाक्य आलंच. "बघा, एवढासा देश, पण त्यांचे कलाकार जगभर जाऊन नाव काढतात. आपल्याकडे आहे का असं कोणी?" मी त्या वेळी गप्प बसलो, कारण चहा संपत आला होता आणि वाद घालायला दुसरा चहा लागतो. पण डोक्यातून ते जाईना. म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. परदेशात नाव होणं ही नाचाची परीक्षाच नव्हे. तो एक शिक्का आहे, आणि आपल्याला तो फार सोयीचा पडतो. तो बसला की आपण टाळ्या वाजवून मोकळे. बसला नाही की आपली काही जबाबदारीच नाही. दोन्हीकडून आपण सुटतो, नाचणारी मात्र अडकते.

आता जपानचंच बघू. मिचिओ इतो नावाचा एक नर्तक होऊन गेला. जन्म १८९० च्या दशकातला, टोकियोचा. गाणं शिकायला म्हणून युरोपात गेला आणि जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊला दालक्रोझच्या शाळेत संगीताच्या तालावर शरीर कसं हलवायचं ते शिकला. १९१४ ला महायुद्ध लागलं तेव्हा पळून लंडनला आला. खिशात दमडी नाही. तिथे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नाचता नाचता त्याची गाठ पडली एझरा पाउंड आणि डब्ल्यू. बी. येट्स या कवींशी. त्यांना तेव्हा जपानच्या 'नो' नाटकाचं वेड लागलेलं. समोर एक जपानी माणूस दिसला, झालं! १९१६ साली येट्सच्या 'ॲट द हॉक्स वेल' या नाटकात इतो ससाण्याच्या रूपातली विहिरीची राखणदारीण म्हणून नाचला आणि प्रसिद्ध झाला.

गंमत अशी की इतो काही 'नो'चा शिकलेला कलावंत नव्हता. त्याचं खरं शिक्षण जर्मनीतलं! पण लंडनच्या लोकांना जपानी माणसाकडून जपानी काहीतरी हवं होतं, आणि त्याने ते दिलं. पुढे तो अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कला आणि मग लॉस एंजेलिसला राहिला, शाळा काढली, मोठमोठे समूहनृत्याचे कार्यक्रम बसवले. आणि १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले, तसं अमेरिकेने या पंचवीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला उचलून छावणीत टाकलं. १९४३ ला त्याची जपानला पाठवणी झाली.

म्हणजे शिक्का मारणारा हात बघा. तो काय मारायचं ते स्वतःच्या आवडीने ठरवतो, आणि लहर फिरली की पुसूनही टाकतो. अशा शिक्क्यावर आपण आपल्या मुलींच्या नाचाची किंमत ठरवायची?

दुसरं उदाहरण काझुओ ओनोचं. जन्म १९०६. हा माणूस योकोहामाला मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचा. आपल्या भाषेत पीटीचे सर! तरुणपणी, १९२९ साली, टोकियोत ला अर्जेंटिना नावाच्या स्पॅनिश नर्तकीचा कार्यक्रम त्याने पाहिला आणि ती त्याच्या मनातून गेलीच नाही. १९७७ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याने तिच्या आठवणीवर एक कार्यक्रम केला. दिग्दर्शन तात्सुमी हिजिकाताचं. या दोघांच्या नाचाला 'बुतो' म्हणतात. १९५९ साली हिजिकाताने तो पहिल्यांदा रंगमंचावर आणला तेव्हा टोकियोतल्या प्रस्थापित नृत्यमंडळींना तो सोसला नव्हता. पुढे १९८० साली ओनो फ्रान्समध्ये नान्सीच्या नाट्यमहोत्सवात नाचला, युरोप वेडा झाला, आणि मग जपानलाही कळलं की आपल्या घरात काहीतरी मोठं आहे. हा शिक्क्याचा रोग फक्त आपल्यालाच आहे असं नाही, हे सांगायला मी हे लिहिलं. घरचं नाणं बाहेर वाजवून बघायची खोड तिकडेही आहे.

पण कौतुकाच्या गप्पांत एक गोष्ट कुणी विचारत नाही. त्यांना तिकडे नेमकं काय मिळालं? 'सांकाई जुकू' ही बुतोचीच एक मंडळी, उशियो आमागात्सु यांनी १९७५ ला काढलेली. १९८२ पासून पॅरिसच्या थिएटर द ला व्हिल या नाट्यगृहाने त्यांच्याशी संबंध जोडला तो कायमचा. साधारण दर दोन वर्षांनी एक नवी रचना या नाट्यगृहाच्या साथीने उभी राहायची. आमागात्सु २०२४ मध्ये वारले. म्हणजे चाळीसेक वर्षं एका नाट्यगृहाने एका परक्या माणसाला सांगितलं, की तू नवं काहीतरी बसव, जागा आमची, पाठबळ आमचं. टाळ्या नंतर. 'करिअर' हा शब्द आपण उठता बसता वापरतो ना, तो हा असा असतो. नुसतं तिकीट काढून विमानात बसलं की होत नाही.

आता "आपल्याकडे आहे का कोणी?" या प्रश्नाकडे येतो. आहे. होती. दमयंती जोशी.

किती जणांनी नाव ऐकलंय, खरं सांगा. मुंबईची मराठी मुलगी, जन्म १९२८. मादाम मेनका म्हणून एक मोठ्या नर्तकी होत्या, मूळच्या बंगालच्या. त्यांचे पती कर्नल साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे प्रमुख. ज्या काळात बऱ्या घरातल्या बाईने कथक करणं म्हणजे अब्रू घालवणं होतं, त्या काळात मेनकाबाईंनी कथक रंगमंचावर आणलं, त्यात कथा गुंफून समूहाने करायच्या नृत्यनाटिका बसवल्या आणि पुढे खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली. छोटी दमयंती त्यांच्या नजरेला पडली. त्यांना ती दत्तक हवी होती. पण दमयंतीच्या आईने, वत्सला जोशींनी, पोर देऊन टाकायला नकार दिला. शेवटी दोघींनी मिळून तिला वाढवायचं ठरलं. मला या गोष्टीतली ही आई फार मोठी वाटते. तिने मुलगी सोडली नाही, आणि मुलीचा नाचही सोडवला नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा या दोनातलं एकच होतं.

१९३६ ते १९३८ या काळात मेनकाबाईंचा संच युरोपभर फिरला. १९३६ ला बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांचा गौरव झाला. पुढे १९४७ ला मेनकाबाई गेल्या, तेव्हा दमयंती अजून विशीतही नव्हती. ती थांबली नाही. अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज अशा लखनौ घराण्याच्या गुरूंकडे शिकली, एकटीने मैफली करू लागली, देशात आणि परदेशातही. १९६८ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० ला पद्मश्री. आपल्या गुरूवर पुस्तक लिहिलं. २००४ साली मुंबईत वारली.

म्हणजे शिक्का होता, आणि चांगला ठसठशीत होता. तरी कुंभार पिंपळगावच्या बाजारात उभं राहून विचारा, नाहीतर घनसावंगीला, जालन्याला विचारा. अगदी पुण्यातसुद्धा विचारा. दमयंती जोशी कोण? मग शिक्क्याचा उपयोग काय झाला? ज्या समाजाला नाचच नको आहे, तो शिक्का बघून तेवढ्यापुरता मान हलवतो आणि विसरून जातो.

आता दुसरी बाई. हिला मात्र सगळे ओळखतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म पंढरपूरचा, १९३५. तमाशातच जन्मली, तमाशातच वाढली. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळाला. सीमेवर जाऊन जवानांपुढे कार्यक्रम केले. दिवस भरलेले असताना फडावर नाचत होती, कळा सुरू झाल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे उभी राहिली, ही कथा तर महाराष्ट्रात घरोघर सांगतात. सांगताना आवाज भरून येतो. पण त्या कथेतला भयाण भाग कुणी बोलत नाही. तंबूतल्या लोकांना पुढचा खेळ हवा होता! ती जिद्दीची होती हे खरंच, पण आपण कोण होतो त्या गोष्टीत? आपण शिट्ट्या वाजवणारे होतो.

२००२ च्या जानेवारीत विठाबाई गेल्या, तेव्हा दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. २००६ पासून त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलं आहे. जिवंतपणी दवाखान्याचे पैसे नाहीत आणि मेल्यावर नावाचा पुरस्कार, ही आपली पद्धत.

जोशी आणि मांग. एकीला आपण विसरलो आणि दुसरीची दंतकथा केली. माणूस म्हणून सांभाळलं मात्र दोघींपैकी कुणालाच नाही. आणि आडनावाचा फरक मी मुद्दाम काढतोय असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. कोणता नाच 'शास्त्रीय' आणि कोणता 'बाजारू' हे ठरवताना पायापेक्षा आडनावाकडे जास्त बघितलं गेलंय, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, तमाशाला पैसा मिळत नव्हता का? मिळायचा की. पण कसा, ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'उचल' हा शब्द आम्हाला पाठ आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि सहा महिने कोयता चालवून ती फेडतं. तमाशातले कलावंतही फडमालकाकडून उचल घेतात. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतात, चैत्र-वैशाखाच्या जत्रांपर्यंत फिरतात. फडमालक स्वतः सावकाराकडून उचललेला असतो. चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात, तेव्हा कुठे चाकं फिरतात. पाऊस आला, जत्रा बुडाली, की कर्ज पुढच्या सालावर.

आता पॅरिसचं ते नाट्यगृह आठवा. आगाऊ पैसा तिथेही आहे. पण तो नवीन काही बसवायला दिलेला असतो, आणि ही उचल माणसाला बांधून ठेवायला दिलेली असते. फरक समुद्राचा नाहीच. पैसा कशासाठी देतो याचा आहे.

पुढचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. "तुम्ही तमाशाचं कौतुक करता, पण तिथे बायकांचं शोषण होतं त्याचं काय?" होतं. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ ला आलं. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा शिकून डॉक्टर झाला आणि त्याने घरच्या पोरींना नाचायला कसं लावतात, त्यांच्या जिवावर बाकीचे कसे जगतात ते सगळं लिहून ठेवलं. ते वाचून लावणीच्या गुलाबी गप्पा मारणं कुणालाही जड जावं. मीही मारत नाही.

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? आपण काढतो तो असा, की नाच वाईट, तेव्हा आपल्या पोरीला लांब ठेवा. मला वाटतं उलटं आहे. ज्या धंद्याला इज्जत नाही, करार नाही, म्हातारपणाची सोय नाही, आणि जो करायला ठरावीक जातीच्याच पोरी जन्माला येतात असं समाजाने धरून ठेवलंय, तिथे शोषण होणारच. सगळ्यांच्या पोरी नाचू लागल्या, तर एकाच जातीच्या पोरीला नाचायला लावता येणार नाही आणि तिला हिणवताही येणार नाही. आपली पोर लांब ठेवून आपण त्या पोरींना तिथेच कोंडून घातलंय.

सरकारनेही वेगळं काही केलेलं नाही. २००५ ला महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली. कायद्यात एक मौजेची फट होती. तीन तारे आणि त्याच्या वरच्या हॉटेलांना सूट! म्हणजे महागड्या हॉटेलात बाई नाचली तर संस्कृतीला धक्का नाही, स्वस्त बारमध्ये नाचली तर आहे. २००६ ला उच्च न्यायालयाने ही बंदी उडवली आणि २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. न्यायालयांनाही हा भेदभाव पटला नाही. बार चांगले की वाईट हा वाद इथे नको. मला एवढंच दाखवायचंय की नाच सभ्य की असभ्य हे आपण समोर बसलेल्या माणसाच्या खिशावरून ठरवतो, आणि एकदा तर ते कायद्यातच लिहून टाकलं.

आता आमच्या गावाकडे या. कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. शेजारी जांबसमर्थ, रामदास स्वामींचं जन्मगाव. कीर्तन-सप्त्याचा मुलूख. वारीत पावली खेळतात, बाया फुगड्या घालतात, त्याला कुणी नाच म्हणून नाक मुरडत नाही, आणि मुरडूही नये. लग्नात डीजे लागला की सत्तर वर्षांचे आबासुद्धा दोन पावलं टाकतात. हळदीला नवऱ्याची बहीण नाचली तर हौस. म्हणजे आमच्या अंगात नाच नाही असं मुळीच नाही.

आणि गॅदरिंग! सातवीपर्यंत पोरींचे नाच जोरात. आई स्वतः नऊवारी नेसवून देते, शेजारून नथ मागून आणते. आठवीला घरचे कुरकुर करतात. नववीत नाव यादीतून गायब. एका पोरीला मी विचारलं, यंदा नाही का गं? ती म्हणाली, "आता मोठी झाले ना." दुसरं काही बोलली नाही. तिला एवढ्या वर्षांत कुणी वाईट नाचतेस असं म्हटलं नव्हतं. उलट दरवर्षी पहिला नंबर. म्हणजे तिचा नाच चांगला होता, तिचं वय चुकलं!

हीच पोर उद्या कुठल्यातरी परक्या देशात गाजली, तर आपण तिचा सत्कार ठेवणार. त्याच शाळेच्या मैदानात. शाल, श्रीफळ, आणि "आमच्या मातीने हिला घडवलं" असं भाषण. मातीने काय घडवलं हो? मातीने नववीत नाव खोडलं.

परदेशी जाण्याविरुद्ध माझं काही नाही. जावं. पोटासाठी गाव सोडणं आम्हाला नवं नाही, दरवर्षी दिवाळीनंतर अर्धी वस्ती रिकामी होते. पण नाचणाऱ्याने जगात जावं ते तिकडचं शिकायला आणि आपलं दाखवायला. घरच्यांनी घरात घ्यावं म्हणून कुणाला बर्लिनपर्यंत जायला लागू नये.

आणि मागणं तरी काय फार मोठं आहे? मी नाट्यगृह मागत नाही. शाळेत कबड्डीला सर आहेत ना, तसं आठवड्यातून दोन दिवस नाच शिकवणारं कुणीतरी हवं. तमाशातून निवृत्त झालेल्या बाया आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवा. त्यांच्याइतकी तालाची जाण दुसऱ्या कुणाला असणार? सरकार म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतं, ते देताना हात जोडायला लावू नका. गावच्या जत्रेत सुपारी देताना कलावंतांना झोपायला जागा, बायकांना आडोसा आणि संडास आहे का, एवढं पंचांनी आधी बघावं. आणि नववीतल्या पोरीचं नाव यादीत राहू द्यावं. या शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयासुद्धा लागत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, अशाने काय दमयंती जोशी तयार होणार आहे? होईल किंवा नाही होणार. ओनो सर कित्येक वर्षं पीटीचेच सर होते, पॅरिस-नान्सी सोडा, शेजारच्या गावातही त्यांना कुणी ओळखत नसेल. तरी ते त्या सगळ्या वर्षांत नाचतच होते. नाचाला तेवढंच लागतं आधी. कुणी अडवू नये एवढंच.

बाकी ज्यांना शिक्काच हवा आहे त्यांनी विमानतळावर हार घेऊन उभं राहावं. आमच्या गावाला एस. टी. येते. येत्या जत्रेला तिच्यातून कुणी ढोलकी घेऊन उतरलं, तर आधी बसायला सतरंजी टाका आणि चहा विचारा. नाव, गाव, आडनाव मग विचारता येईल.